ध्वनिमुद्रिकेचा संपादक : मानफ्रेड आयखर आणि मुद्रित जॅझ-संगीताची घडण

१. प्रश्नाचे स्वरूप

हस्तलिखित पोथीचा आधार घेणारा अभ्यासक ती पोथी कोणी लिहिली, कोणत्या प्रतीवरून लिहिली आणि तिचा पाठ कोणी शोधला, हे प्रश्न प्रथम विचारतो. ज्ञानेश्वरीचा विचार करताना एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेली पाठशुद्धी दृष्टीआड करून चालत नाही, हे मराठीच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको. परंतु हाच अभ्यासक ध्वनिमुद्रिकेकडे वळला म्हणजे त्याची ही सावधगिरी बहुधा सुटते. तबकडीवर जे ऐकू येते ते वादकाने त्या दिवशी जसे वाजविले तसेच आपल्यापर्यंत पोचले आहे, असे तो गृहीत धरतो. वादक आणि श्रोता यांच्यामध्ये कोणी तिसरा उभा आहे, ही गोष्ट त्याच्या ध्यानात येत नाही.

हा तिसरा मनुष्य म्हणजे ध्वनिमुद्रिकेचा निर्माता. तो स्वररचना करीत नाही आणि वाद्यही वाजवीत नाही. यंत्रे चालविणारा ध्वनिमुद्रकही सामान्यतः निराळाच असतो. असे असता त्याने नेमके काय केले, आणि जे केले त्याला निर्मिती म्हणावे की व्यवस्था म्हणावे, हा प्रश्न जॅझच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. युरोपीय अभिजात संगीतात रचनाकाराची स्वरलिपी हा मूळ पाठ असतो व तबकडी ही त्याची एक आवृत्ती असते. जॅझमध्ये वादकाची उपज हाच संगीताचा प्राण असल्यामुळे असा लिखित मूळ पाठ बहुधा नसतोच. मागे उरते ती तबकडीच. त्यामुळे तबकडी घडविणाऱ्याचा हात हा मूळ पाठावरच पडलेला हात असतो.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार म्युनिक येथील ‘ई. सी. एम.’ ही संस्था आणि तिचा संस्थापक-निर्माता मानफ्रेड आयखर यांच्या उदाहरणावरून करावयाचा आहे. या संस्थेचे पूर्ण नाव ‘एडिशन ऑफ कंटेंपररी म्यूझिक’ असे आहे. ‘एडिशन’ म्हणजे संपादित आवृत्ती. ग्रंथव्यवहारातील हा शब्द निर्मात्याच्या कार्याचे वर्णन ‘निर्माता’ या शब्दापेक्षा अधिक अचूकपणे करतो, असे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. पूर्वपीठिका

ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या आरंभकाळी निर्मात्याचे काम कलावंत शोधून त्याला भोंग्यापुढे उभे करण्याचे होते. फ्रेड गाइसबर्ग याने १९०२ साली मिलान येथे कारूझोचे गायन मुद्रित केले आणि त्याच वर्षी कलकत्त्यास येऊन गौहरजानचे गायनही मुद्रित केले. कोणाचा आवाज टिकावा आणि कोणाचा हवेत विरून जावा, याचा निर्णय अशा माणसाच्या निवडीवर अवलंबून होता. म्हणजे निवड हे निर्मात्याचे पहिले कार्य.

जॅझच्या क्षेत्रात ही निवड पुढे अधिक जाणतेपणाने होऊ लागली. जॉन हॅमंड याने १९३८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये निग्रो संगीतपरंपरेचे दर्शन घडविणारा मोठा जलसा भरविला. वादकांची पारख हे त्याचे सामर्थ्य होते. १९३९ साली आल्फ्रेड लायन या बर्लिनहून आलेल्या तरुणाने न्यूयॉर्कमध्ये ‘ब्लू नोट’ ही संस्था काढली. लायन याने वादकांना तालमीचेही पैसे देण्याची पद्धत पाडली. वरवर पाहता ही हिशेबाची बाब वाटते. परंतु तिचा परिणाम थेट संगीतावर झाला. तालीम झाल्यामुळे अधिक गुंतागुंतीच्या रचना मुद्रित करणे शक्य झाले. ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर याच्या साहाय्याने या संस्थेने वाद्यांचा निकट, ठसठशीत असा एक नाद रूढ केला, आणि ‘संस्थेचा स्वतःचा नाद’ ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे आकारास आली.

दोन तांत्रिक घटनांनी निर्मात्याचे क्षेत्र आणखी विस्तारले. १९४८ साली आलेल्या दीर्घवादी तबकडीने सुमारे तीन मिनिटांची जुनी मर्यादा ओलांडून एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत सामावण्याची सोय केली. दुसरी घटना चुंबकीय ध्वनिफितीची. फीत कापता व जोडता येते. त्यामुळे वाजविलेल्या क्रमाहून निराळा क्रम लावणे शक्य झाले. या शक्यतेचे टोक कोलंबिया कंपनीचा निर्माता टिओ मासेरो याने गाठले. १९६९ च्या ऑगस्टमध्ये माइल्स डेव्हिसच्या वादकवृंदाने तीन दिवस केलेले वादन त्याने नंतर कात्रीने कापून, तुकडे पुढेमागे करून व पुन्हा जोडून ‘बिचेस ब्रू’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. तिच्यातील काही भाग त्या अनुक्रमाने कोणीही, कधीही वाजविलेले नव्हते. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीत आयखरची पहिली ध्वनिमुद्रिका तयार होत होती. एकाच वर्षी सुरू झालेल्या या दोन वाटा निर्मात्याच्या कार्याची दोन टोके दाखवितात. मासेरोचे संपादन मुख्यतः वादन संपल्यानंतरचे होते. आयखरचे संपादन मुख्यतः वादन सुरू होण्यापूर्वी आणि ते चालू असताना घडत होते.

३. म्युनिक, १९६९

मानफ्रेड आयखर याचा जन्म १९४३ साली बोडेन सरोवराच्या काठी असलेल्या लिंडाउ या गावी झाला. बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्याने डबल बास या वाद्याचे शिक्षण घेतले. नंतर त्याने ‘डॉइच ग्रामोफोन’ या अभिजात संगीताच्या विख्यात संस्थेत ध्वनिमुद्रणाचा साहाय्यक म्हणून काम केले. या दोन्ही गोष्टी त्याच्या पुढील कार्याच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहेत. डबल बास वाजविणारा वृंदाच्या तळाशी उभा राहून इतर सर्वांचे ऐकत असतो. त्याचे काम इतरांना आधार देण्याचे असते. आणि अभिजात संगीताच्या ध्वनिमुद्रणात दालनातील अवकाश, वाद्यांतील अंतर आणि मंदातिमंद स्वराची स्पष्टता यांची जी काळजी घेतली जाई, ती जॅझच्या वाट्याला क्वचितच आली होती. ती काळजी जॅझला लाभावी, या साध्या दिसणाऱ्या इच्छेतून पुढचे सर्व घडले.

संस्थेची पहिली ध्वनिमुद्रिका म्हणजे निग्रो पियानोवादक मॅल वॉल्ड्रन याची ‘फ्री ॲट लास्ट’. वॉल्ड्रन हा बिली हॉलिडे या गायिकेचा अखेरच्या वर्षांतील साथीदार. तो अमेरिका सोडून युरोपात आला व म्युनिकला स्थायिक झाला होता. संस्थेच्या प्रारंभीच्या यादीत मॅरियन ब्राउन याच्यासारखा मुक्त जॅझचा पुरस्कर्ता आढळतो. डेरेक बेली व इव्हान पार्कर यांचा इंग्लंडमधील प्रयोगशील वादकसंघही त्याच यादीत आहे. ई. सी. एम. म्हणजे उत्तरेकडील थंड, संथ, निर्जन संगीत, असे जे समीकरण पुढे रूढ झाले ते आरंभी अस्तित्वात नव्हते, हे या नोंदींवरून सिद्ध होते. तो नाद संस्थेच्या जन्माबरोबर आला नाही. निवडीमागून निवड होत तो घडत गेला, आणि म्हणूनच त्याचा इतिहास लिहिता येतो.

४. ओस्लो येथील कार्यपद्धती

१९७० च्या सप्टेंबरमध्ये आयखर नॉर्वेची राजधानी ओस्लो येथे तरुण सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक याचे ‘आफ्रिक पेपरबर्ड’ हे ध्वनिमुद्रण करण्यास गेला. तेथे त्याची गाठ यान एरिक कोंग्सहाउग या ध्वनिमुद्रकाशी पडली. कोंग्सहाउग स्वतः गिटारवादक होता. या दोघांचे सहकार्य १९७० पासून अनेक दशके टिकले व त्यांतून शेकडो ध्वनिमुद्रिका निघाल्या. कोंग्सहाउग २०१९ साली निवर्तला. तोवर ओस्लो हे शहर जॅझच्या भूगोलात न्यूयॉर्कच्या जोडीने घ्यावयाचे नाव झाले होते.

या कार्यपद्धतीची काही अंगे निश्चित सांगता येतात. ध्वनिमुद्रणास सामान्यतः दोन दिवस आणि ध्वनिमिश्रणास एक दिवस, असा वेळेचा नेम होता. ही मर्यादा काटकसरीची होती हे उघड आहे. परंतु तिचा कलात्मक परिणामही दुर्लक्षणीय नव्हता. अल्पावधीत काम उरकावयाचे असल्यामुळे वारंवार दुरुस्त्या करण्याची सोय राहत नाही. वादकांना एकमेकांचे लक्षपूर्वक ऐकावेच लागते. निर्माता यंत्रदालनातच बसून राहत नसे. वादकांमध्ये जाऊन तो कोणता स्वर अधिक काळ राहू द्यावा, कोणी कोठे थांबावे, हे सुचवी. ध्वनिमुद्रिकेतील रचनांचा अनुक्रम लावण्यातही त्याचा मोठा वाटा असे.

नादाच्या दृष्टीने पाहता प्रत्येक वाद्य स्वतंत्र व स्वच्छ ऐकू यावे, झांजांची किणकिण अखेरच्या कंपापर्यंत कानी पडावी आणि स्वराभोवती एक घुमारा असावा, हे त्याचे विशेष होत. हा घुमारा सर्वस्वी नैसर्गिक होता असे मात्र समजू नये. लहान स्टुडिओत मुद्रित झालेल्या वादनाला विस्तीर्ण दालनाचा भास कृत्रिम अनुनादाच्या साहाय्याने देण्यात येई. श्रोत्याला जी ‘निसर्गाची शांतता’ वाटते ती मोठ्या अंशी यंत्रदालनात सिद्ध झालेली असते. ही फसवणूक नव्हे. रंगभूमीवरील चांदणे जसे दिव्याचे असूनही चांदणेच असते, तसाच हा प्रकार आहे. तथापि इतिहासकाराने दिवा कोठे लावला होता हे पाहिले पाहिजे.

शांततेविषयीचा हा कटाक्ष ध्वनिमुद्रिकेच्या बाह्यांगातही दिसतो. पुढे लहान चकत्या प्रचारात आल्यावर आरंभीच्या स्वरापूर्वी काही सेकंदांची निःशब्दता ठेवण्याचा प्रघात या संस्थेने पाडला. वेष्टनावर वादकाच्या हसऱ्या छायाचित्राऐवजी समुद्र, आकाश, रिकामा रस्ता किंवा केवळ अक्षरे असत. बार्बरा वोयिर्श हिने केलेली ही मांडणी श्रोत्याला काय ऐकावे हे सांगत नसे. कसे ऐकावे हे मात्र सुचवीत असे.

५. एक तुलना व एक प्रसंग

निर्मात्याचा वाटा अलग करून दाखविणे अवघड असते, कारण संगीतातून तो वेगळा काढता येत नाही. सुदैवाने पियानोवादक कीथ जॅरेट याच्या बाबतीत तुलनेची सोय उपलब्ध आहे. ड्यूई रेडमन, चार्ली हेडन व पॉल मोशन यांसह त्याचा जो अमेरिकी चौकडीवृंद होता, त्याची बरीच ध्वनिमुद्रणे १९७३ ते १९७६ या काळात ‘इम्पल्स’ या अमेरिकी संस्थेने केली. त्याच चौघांना १९७६ च्या एप्रिलमध्ये आयखरने जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे मुद्रित केले. तीच ‘द सर्व्हायव्हर्स स्वीट’ ही ध्वनिमुद्रिका. वादक तेच, रचनाकार तोच, काळही जवळजवळ तोच. ‘इम्पल्स’च्या तबकड्यांत हा वृंद दाटीवाटीने, उष्ण व काहीसा खडबडीत ऐकू येतो. लुडविग्सबुर्गच्या तबकडीत त्याच वाद्यांमध्ये अंतर पडले आहे. दोन्ही बाजू मिळून एकच रचना असल्यामुळे तिचा आरंभ व शेवट यांना इमारतीचा डौल आला आहे. या दोहोंत श्रेष्ठ कोणते हा रुचीचा प्रश्न आहे. परंतु दोहोंतील अंतर वादकांवरून उलगडत नाही. ते निर्माता, ध्वनिमुद्रक आणि स्टुडिओ यांवरूनच उलगडावे लागते.

जॅरेट आणि आयखर यांचे नाते १९७१ पासूनचे. त्या वर्षी जॅरेट माइल्स डेव्हिसच्या वृंदाबरोबर युरोपच्या दौऱ्यावर असता नोव्हेंबरमधील एका दिवसात ओस्लो येथे ‘फेसिंग यू’ ही एकल पियानोची ध्वनिमुद्रिका तयार झाली. विद्युत्-वाद्यांचा जमाना ऐन भरात असताना एकट्या, साध्या पियानोची तबकडी काढणे हे व्यापारी दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. १९७३ मध्ये ब्रेमेन व लोझान येथील एकल मैफलींच्या तीन तबकड्यांचा संच निघाला, आणि १९७६ साली जपानात झालेल्या मैफलींचा तर दहा तबकड्यांचा संच संस्थेने प्रसिद्ध केला. कोणतीही पूर्वयोजना न करता केलेले तासाभराचे वादन संपूर्ण प्रसिद्ध करण्यास योग्य आहे, हा निर्णयच मुळात एक टीकात्मक निर्णय होता. त्या निर्णयामुळे एकल मुक्त वादन हा स्वतंत्र संगीतप्रकार म्हणून मान्यता पावला.

या मालिकेतील सर्वांत गाजलेली मैफल म्हणजे २४ जानेवारी १९७५ रोजी कोलोनच्या ऑपेरागृहात झालेली. मागितलेला मोठा पियानो न येता रंगमंचावर एक लहान व सदोष पियानो आला होता. त्याचे वरचे स्वर पातळ होते, खर्ज दुबळा होता आणि पायपट्ट्याही नीट चालत नव्हत्या. जॅरेट वाजविण्यास राजी नव्हता. आयोजिका व्हेरा ब्रांडेस ही अवघी अठरा वर्षांची तरुणी होती व तिच्या आग्रहामुळे तो अखेरीस बसला. पियानोच्या दोषांमुळे तो बहुतांशी मधल्या सप्तकात राहिला व डाव्या हाताने एकच आकृती पुनःपुन्हा वाजवीत राहिला. त्यातूनच त्या वादनाला त्याचे मोहक सातत्य आले. मार्टिन वीलांड या ध्वनिमुद्रकाने केवळ दोन मायक्रोफोनांच्या साहाय्याने ते मुद्रित केले. ‘द कोलन कॉन्सर्ट’ या नावाने निघालेल्या या जोडतबकडीच्या लक्षावधी प्रती खपल्या.

या प्रसंगाची कथा नेहमी दैवयोगाची कथा म्हणून सांगितली जाते. निबंधाच्या दृष्टीने तिचा उत्तरार्ध अधिक महत्त्वाचा आहे. त्या रात्री सभागृहात बसलेल्या श्रोत्यांपुरते ते संगीत त्या रात्रीच संपले असते. ते मुद्रित करण्याची व्यवस्था अगोदर झालेली होती, आणि ऐकल्यानंतर सदोष वाद्यावरचे हे वादन प्रसिद्ध करण्याजोगे आहे असा निर्णय घेतला गेला. काटेकोर नादाविषयी ख्याती असलेल्या संस्थेने हा निर्णय घ्यावा, हे लक्षणीय आहे. तबकडीच्या मर्यादेनेही संगीताच्या रूपात हस्तक्षेप केला. मैफलीचा दुसरा भाग एका बाजूवर मावेना, म्हणून तो ‘दुसरा भाग अ’ व ‘दुसरा भाग ब’ असा विभागला गेला. आज अभ्यासक ज्याला त्या संगीताची रचना म्हणतात, तिच्यातील एक सांधा वादकाचा नसून तबकडीचा आहे. पुढे १९९१ मध्ये या वादनाची स्वरलिपी प्रसिद्ध झाली. जॅरेटने तिला संमती दिली. परंतु अंतिम प्रमाण ध्वनिमुद्रिकाच मानावी, असा त्याचा आग्रह होता. येथे पाठ आणि प्रत यांचे नेहमीचे नाते उलटे झालेले दिसते : तबकडी हा मूळ ग्रंथ आणि स्वरलिपी ही त्याची नक्कल.

६. जॅझकडून समकालीन रचनेकडे

१९७८ साली संस्थेने अमेरिकी रचनाकार स्टीव्ह राइक याची ‘म्यूझिक फॉर एटीन म्युझिशियन्स’ ही दीर्घ रचना प्रसिद्ध केली. तिचे ध्वनिमुद्रण दुसऱ्याच संस्थेने करून ठेवले होते व ते प्रसिद्धीची वाट पाहत पडून होते. ई. सी. एम.ने ते घेऊन जॅझच्या श्रोत्यांपुढे ठेवले. या प्रसंगी आयखरने ध्वनिमुद्रण केलेच नाही. तरीही त्या रचनेला श्रोतृवर्ग मिळवून देण्याचे श्रेय प्रकाशनाच्या निर्णयाला जाते. जॅझचा श्रोता आणि लिखित समकालीन संगीताचा श्रोता हे दोन वेगळे समाज आहेत, ही समजूत या एका प्रकाशनाने ढिली झाली.

या घटनेची परिणती १९८४ साली सुरू झालेल्या ‘न्यू सीरिज’ या मालिकेत झाली. एका रात्री मोटारीतून प्रवास करीत असता आयखरने आकाशवाणीवर एक अनोळखी रचना ऐकली, आणि ती नीट ऐकता यावी म्हणून तो महामार्ग सोडून थांबला. रचनाकाराचे नाव शोधण्यास त्याला पुष्कळ अवधी लागला. हा रचनाकार म्हणजे एस्टोनियाचा आर्वो पेर्ट. तो १९८० साली सोव्हिएत अमलाखालील आपला देश सोडून पश्चिमेकडे आला होता, व युरोपात त्याचे नाव फारसे कोणास ठाऊक नव्हते. ‘ताबुला रासा’ या त्याच्या ध्वनिमुद्रिकेने नव्या मालिकेचा आरंभ झाला.

या ध्वनिमुद्रिकेची जडणघडण पाहिली म्हणजे संपादन या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो. तिच्यातील ‘फ्रात्रेस’ ही रचना व्हायोलिनवर गिदोन क्रेमर आणि पियानोवर कीथ जॅरेट यांनी १९८३ साली बाझेल येथे वाजविली. म्हणजे लिखित रचनेसाठी जॅझचा वादक बसविला गेला. तीच रचना बर्लिन फिलहार्मनिकच्या बारा चेलोवादकांकडूनही वाजवून घेऊन त्याच तबकडीत ठेवण्यात आली. ‘कांतुस’ हा भाग १९८४ च्या जानेवारीत श्टुटगार्टच्या वाद्यवृंदाने डेनिस रसेल डेव्हिस याच्या दिग्दर्शनाखाली सादर केला. आणि शीर्षकाची रचना मुळीच नव्याने मुद्रित केलेली नाही. १९७७ च्या नोव्हेंबरात बॉन येथे क्रेमर, तात्याना ग्रिन्देन्को व आल्फ्रेड श्निट्के यांनी लिथुआनियाच्या वाद्यवृंदासह जो जलसा केला, त्याचे नभोवाणीने केलेले मुद्रणच तेथे घेतले आहे. चार ठिकाणचे, निरनिराळ्या वर्षांचे व निरनिराळ्या वादकांचे हे भाग एकत्र ऐकताना एका श्वासात म्हटल्यासारखे वाटतात. ही एकात्मता रचनाकाराची आहे, तशीच ती मांडणाऱ्याचीही आहे.

याचा पुढचा टप्पा म्हणजे ‘ऑफिचियुम’. मध्ययुगीन व प्रबोधनकालीन धर्मसंगीत गाणारा इंग्लंडमधील चार गायकांचा ‘हिलियर्ड एन्सेम्बल’ आणि जॅझवादक गार्बारेक यांना एकत्र आणण्याची कल्पना आयखरची. हे ध्वनिमुद्रण १९९३ साली ऑस्ट्रियातील सेंट गेरोल्डच्या मठात झाले व पुढील वर्षी प्रसिद्ध झाले. सोळाव्या शतकातील स्पॅनिश रचनाकार क्रिस्तोबाल द मोरालेस याच्या चौस्वरी गायनावर सॅक्सोफोनचा पाचवा, उत्स्फूर्त आवाज चढविलेला येथे ऐकू येतो. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या; प्राचीन संगीताच्या काही शुद्धतावाद्यांनी तिच्यावर टीकाही केली. टीका आणि लोकप्रियता या दोहोंचे मूळ एकच होते : हे कलावंत स्वतःहून एकमेकांकडे गेलेले नव्हते, त्यांची भेट घडविली गेली होती.

७. भारतीय वादकांचा संबंध

अशा घडविलेल्या भेटींत भारतीय, विशेषतः मुंबईच्या, वादकांचा वाटा आहे. कॉलिन वॉलकॉट हा अमेरिकी वादक सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखांकडे शिकलेला. १९७८ मध्ये डॉन चेरी व ब्राझीलचा नाना व्हास्कॉन्सेलॉस यांच्यासह त्याने ‘कोडोना’ हा त्रिवादकसंघ स्थापिला व त्याची ध्वनिमुद्रणे ई. सी. एम.ने केली. १९८४ साली एल. शंकर यांच्या ‘साँग फॉर एव्हरीवन’ या ध्वनिमुद्रिकेत गार्बारेकबरोबर झाकिर हुसेन आणि त्रिलोक गुर्टू हे दोघे मुंबईकर वादक होते. गुर्टू हे विख्यात ठुमरी-गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. वॉलकॉटच्या अपघाती निधनानंतर ‘ओरेगॉन’ या वृंदात त्याची जागा त्यांनीच घेतली. १९८६ च्या डिसेंबरमध्ये ओस्लो येथे झाकिर हुसेन यांच्या नावाने ‘मेकिंग म्यूझिक’ ही ध्वनिमुद्रिका तयार झाली. तीत हरिप्रसाद चौरसिया, जॉन मॅक्लॉफ्लिन व गार्बारेक यांचा सहभाग होता.

या ध्वनिमुद्रिकेत तबल्याला मिळालेले स्थान विचारात घेण्यासारखे आहे. आपल्याकडील जुन्या ध्वनिमुद्रणांत तबला साथीचे वाद्य म्हणून मागे ठेवला जाई. ओस्लोत डग्ग्याची घुमक आणि चाटेवरील बोटाचा टोकदार आघात सॅक्सोफोनाइतकेच पुढे आणले गेले, कारण ढोल-झांजांचा अखेरचा कंप टिपण्याची जी सवय त्या स्टुडिओला होती ती तबल्यालाही लाभली. येथे कोणी तबल्याची भाषा बदलली नाही. ती ऐकण्याचे अंतर बदलले. झाकिर हुसेन यांचे २०२४ च्या डिसेंबरमध्ये निधन झाले. त्यांच्या वादनाचा अभ्यास करणाराने हे मुद्रण व मैफलीतील मुद्रणे यांची तुलना करताना अंतराचा हा फरक हिशेबात धरावयास हवा.

८. आक्षेप आणि निष्कर्ष

आयखरच्या पद्धतीवर घेतले गेलेले आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा की, सर्व वादकांवर एकच नाद लादला गेला, आणि निग्रो संगीतातील ब्लूजचा घाम व नृत्याचा ठेका त्या शांततेत विरून गेला. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु तो संपूर्ण सत्य नाही. ‘आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो’ या गजबजलेल्या, नाट्यपूर्ण वृंदाची ‘नाइस गाइज’ ही ध्वनिमुद्रिका १९७८ मध्ये याच संस्थेने मुद्रित केली, आणि संस्थेचा आरंभच वॉल्ड्रनपासून झालेला आहे. दुसरा आक्षेप सत्तेविषयीचा आहे. जो निर्माता सुचवितो तोच प्रसिद्धीचाही निर्णय घेतो. अशा वेळी वादकाने नकार देणे सोपे नसते. गिटारवादक पॅट मेथीनी याचे उदाहरण येथे बोलके आहे. ‘ब्राइट साइज लाइफ’ या १९७५ साली मुद्रित झालेल्या त्याच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा निर्माता आयखर होता. १९८४ च्या ‘फर्स्ट सर्कल’वर निर्माता म्हणून मेथीनीचे स्वतःचे नाव आहे, आणि त्यानंतर तो संस्थेबाहेर पडला. ज्या नादाने त्याला ओळख दिली त्याच नादाबाहेर त्याला जावेसे वाटले. जॅरेटसारखे काही वादक मात्र अनेक दशके त्याच निर्मात्याजवळ राहिले. म्हणजे हे नाते दास्याचेही नव्हते आणि निव्वळ सेवेचेही नव्हते. ते लेखक व संपादक यांच्या नात्यासारखे होते, आणि त्या नात्याप्रमाणेच कधी फलदायी, कधी जाचक ठरत होते.

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर आपल्या परीने दिले आहे. भारतीय प्रताधिकार अधिनियमान्वये ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणजे त्याचा निर्माता होय. परंतु कायद्याचा निर्माता म्हणजे पुढाकार व जबाबदारी घेणारा मनुष्य किंवा संस्था. त्याच्याजवळ कान असलाच पाहिजे अशी अट नाही. इतिहासकाराला जो निर्माता शोधावयाचा आहे तो कानाचा आहे, आणि त्याच्या कार्याची अंगे वरील विवेचनावरून पाच दिसतात : वादकांची निवड व त्यांची जुळणी, स्थळाची निवड, स्वर आणि श्रोता यांतील अंतराची योजना, अनुक्रमाची मांडणी, आणि काय प्रसिद्ध करावे व काय करू नये याचा निर्णय. यांपैकी शेवटचे अंग सर्वांत कमी दिसते व सर्वांत दूरवर परिणाम करते. पन्नास वर्षांत दीड हजारांहून अधिक ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या संस्थेने जे मुद्रित केले ते युरोपीय जॅझचा इतिहास म्हणून मान्य झाले. जे वादक त्या कानाला भावले नाहीत त्यांचे संगीत त्या इतिहासाच्या कडेला राहिले. एका माणसाच्या रुचीने एवढ्या मोठ्या साधनसंग्रहाला आकार दिला असता त्या रुचीची चिकित्सा ही साधनचिकित्सेचाच भाग ठरते.

२०१७ च्या नोव्हेंबरपासून या संस्थेच्या ध्वनिमुद्रिका महाजालावरील संगीतवाहिन्यांवरही उपलब्ध झाल्या. तेथे श्रोता एकेक रचना सुटी करून, वाटेल त्या क्रमाने ऐकू शकतो. आरंभीची निःशब्दता, वेष्टन आणि अनुक्रम ही संपादनाची अंगे तेथे सहज गळून पडतात. निर्मात्याचे नावही बहुधा दिसत नाही. पोथीची पाने सुटी झाली म्हणजे लेखनिकाचा शेरा असलेले शेवटचे पान प्रथम हरवते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून जॅझचा किंवा समकालीन संगीताचा इतिहास लिहिणाराने प्रत्येक ध्वनिमुद्रिकेच्या नोंदीत वादकांच्या नावांबरोबर निर्माता, ध्वनिमुद्रक, स्थळ आणि दिनांक यांची नोंद करणे अगत्याचे आहे. त्यावाचून केलेले विवेचन वादकाच्या पदरात दुसऱ्याचे गुण टाकील, अथवा त्याच्या माथी दुसऱ्याचे दोष मारील.